धोंडोपंतांचं पाणी

तिनं अंगठ्यानं हलकेच दाबून पाहिलं आणि झाड आत गेलं. मोडलं नाही, फुटलं नाही. जास्त पिकलेल्या फळाची साल जाते तसं नुसतं आत गेलं, आणि अंगठा उचलल्यावर परत वर आलं नाही. नखाखाली काहीतरी ओलसर, तपकिरी लागलं. वास लगेच आला नाही. मग आला: फुलदाणीत विसरून गेलेल्या पाण्याचा. सकाळची घाई होती. एका पायात बूट चढवलेला, दुसरा हातात, अशी ती खिडकीशी एका बाजूला उंच, एका बाजूला बुटकी उभी राहिली. आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो झाडाचा नव्हता. पहिला विचार आला, आज रविवार नाही. बाबांच्या फोनला अजून वेळ आहे.

झाड म्हणायचं ते आपलं उगाच. दोन जाड, बुटकी पानं एकमेकांना चिकटलेली, मध्ये एक चीर, रंग करडा-तांबूस, वरून नदीतल्या गोट्यावर असते तशी बारीक नक्षी. देठ नाही, फांदी नाही. वाळूखडीच्या कुंडीत ठेवलं की खडा कुठला आणि झाड कुठलं ते बोट लावल्याशिवाय कळत नसे. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. तिथं येणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकानं कुठल्याशा दूरच्या वाळवंटातून ते आणलं होतं. या जातीचं दुसरं झाड आपल्या माहितीत कुणाकडे नाही असं तो सांगायचा. नवा चष्मा लागल्यावर तो बाबांना म्हणाला, "आता मला नीट दिसायला लागलंय, त्यामुळे माझ्या हातून त्याचे काय हाल होतायत तेही दिसतं. तुम्ही सांभाळा." बाबा ते शर्टाच्या खिशात ठेवल्यासारखं जपून घरी घेऊन आले. आईनं कंबरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाली, "लोक पायावर धोंडा पाडून घेतात. ह्यांनी खिडकीत ठेवून घेतला." तेव्हापासून ते धोंडोपंत. धोंडोपंत उठले का, धोंडोपंतांची काही फर्माईश, धोंडोपंत आज जरा फुगलेले दिसतात. आई बोलायची आणि बाबा ऐकायचे. घराची तशी वाटणीच झालेली होती.

बाबा बोलतच नसत असं नाही. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत, उंच खुर्चीवर बसलेल्या माणसाशी ते बोलत. "हे बरं, की हे? आता? आणि आता?" लहानपणी तिला पहिल्यांदा चष्मा लागला तेव्हा तीही त्या खुर्चीवर बसली होती. नाकावर तो जड लोखंडी सांगाडा, त्यात टक्‌ टक्‌ करत बसणारी भिंगं, कानाशी बाबांच्या बोटांचा स्पिरिटचा वास. समोरची अक्षरं विरघळत होती, पुन्हा गोळा होत होती. तिला केव्हाच नीट दिसायला लागलं होतं, तरी ती म्हणत राहिली, "दोन्ही सारखंच वाटतंय." बाबांनी पुन्हा भिंग बदललं. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं, आणि बाबा फक्त तिला विचारत होते. आता? आणि आता?

पुढे ती शिकायला म्हणून या शहरात आली, नोकरी लागली, इथंच राहिली. लग्न केलं नाही, आणि त्याची चर्चा करून करून घरही शेवटी दमलं. फोन केला की कधी कधी बाबा उचलत. "हं. बरी आहेस ना? थांब, आईला देतो." एवढंच. ते "थांब, आईला देतो" तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की बाबांचा आवाज म्हणजे दार उघडणाऱ्या माणसाचा आवाज असं तिच्या डोक्यात बसलं होतं. दार उघडायचं आणि बाजूला व्हायचं. आई गेल्यावर, सगळं उरकून ती आपल्या घरी परतली आणि पोचल्याचं कळवायला तिनं फोन केला. बाबा म्हणाले, "बरी पोचलीस ना? थांब." आणि थांबले. तीही थांबली. तारेच्या त्या टोकाला कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "बरं, ठेवतो."

त्यानंतर दादानं बाबांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. दादाचं घर समुद्राकाठच्या गावात. तिथं भिंतींना घाम फुटतो, मिठाची बरणी रात्रीतून पाझरते. धोंडोपंत तिथं तगणार नाहीत, हे बाबांनी एका वाक्यात सांगून टाकलं आणि ते झाड चष्म्याच्या खोक्यात कापूस घालून, कुंडी वेगळी बांधून, स्वतः तिच्याकडे घेऊन आले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघं बसली. बाबा खडी पसरत होते.

"पाणी कधी घालायचं?" तिनं विचारलं.

"घालायचं नाही."

"कधीच?"

"मागेल तेव्हा."

"आणि ते मागणार कसं? हाक मारून?"

बाबांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "सुरकुत्या पडतात बाजूनं. मग कुंडी भरून पाणी द्यायचं, खालून निथळेपर्यंत. आणि मग पुन्हा विसरून जायचं, माती हाडासारखी कोरडी होईस्तोवर. थोडं थोडं देत बसायचं नाही." त्यांनी चिमट्यानं एक खडा सरळ केला. "पण सगळ्याच सुरकुत्या तहानेच्या नसतात. फूल येऊन गेलं की आत नवी जोडी तयार होते. ती जुन्या पानांतलं पाणी पिते. जुनी आकसत जातात, शेवटी कागदासारखी होतात. तेव्हा कितीही वाटलं तरी थेंब घालायचा नाही. त्याचं पाणी आत आहे."

"बाबा, मी पाणीखात्यात नोकरी करते."

"म्हणूनच सांगतोय."

पाणीखात्यात ती गळती शोधायची. रस्त्याखालून जाणाऱ्या नळांत कुठं फट पडली आहे, कुठं जोड सुटला आहे, हे वर दिसायच्या आधी ओळखायचं. यंत्रं होती, पण तिचा भरवसा जुन्या लोखंडी सळईवर: एक टोक झडपेवर टेकवायचं, दुसरं कानाशी, डोळे मिटायचे. आधी आपलंच रक्त ऐकू येतं. मग दूरवरची वाहनं, मग कुणाच्या तरी मोरीतला नळ, चालू झाला, बंद झाला. आणि या सगळ्याच्या खाली, कधी न थांबणारा, दातांतून हवा सोडावी तसा एक आवाज. तो सापडला की ती खडूनं रस्त्यावर फुली मारायची. खोदकामाचा मुकादम गमत्या होता. "काय मॅडम, जमीन काय म्हणतेय?" "ठणकतंय म्हणतेय." "मग घालू कुदळ?" "घाला." फुली बहुधा चुकत नसे. इतकी वर्षं तिनं वाया जाणारं पाणी अडवण्यात घालवली होती. कुणाला पाणी देणं हे तिचं काम नव्हतंच. ते दुसऱ्या खात्याकडे होतं.

रविवारचे फोन सुरू झाले ते असे. पहिल्या रविवारी बाबांचा फोन आला तेव्हा तिला वाटलं, दादाकडे काहीतरी झालं. "कसं आहे?" बाबांनी विचारलं. "मी बरी आहे." "झाड?" तिला हसू आलं, आणि ती खिडकीशी गेली. मग पुढल्या रविवारी, त्याच्या पुढल्या रविवारी. "चीर रुंदावली?" "थोडी." "थोडी म्हणजे? नख जाईल एवढी, की कागद जाईल एवढी?" "कागद." "पुठ्ठा की साधा?" असं. ऊन कुठून येतं, किती वेळ टिकतं, काच पुसलेली आहे का. हळूहळू मधूनच काही दुसरं येऊ लागलं. प्राध्यापकाची बायको म्हणे त्याच्या झाडांशी सवतीसारखी वागायची. आईला एकदा धोंडोपंतांची एवढी दया आली की तिनं हिवाळ्यात त्यांच्यावर लोकरीची टोपी उपडी घातली. "मी दुकानातून आलो तर टोपी," बाबा म्हणाले आणि हसले. बाबांचं हसू फोनवर तिनं कधी ऐकलं नव्हतं. तो आवाज नवा होता, थोडा गंजलेला. शरद सरताना धोंडोपंतांना फूल आलं, पांढरं, पाकळ्या धाग्यासारख्या, दुपारी उघडायचं आणि ऊन उतरलं की मिटायचं. तिनं ते बाबांना फोनवरून सांगितलं. "इथं असती तर..." एवढंच म्हणाले. आई की खिडकी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

मग थंडीत जुनी पानं आकसायला लागली. तिला सगळं ठाऊक होतं. तोंडपाठ होतं. तरी रोज सकाळी खिडकीशी गेलं की आदल्या दिवसापेक्षा एक सुरकुती जास्त दिसायची. कडा आत वळल्या, नक्षी मळकट झाली, गाल बसले. गाल हा शब्द तिच्या मनात आपसूक आला आणि मग तो जाईना. दवाखान्यात आईचे गाल असेच बसले होते. हृदय थकलं होतं, पाणी फुप्फुसांत साठत होतं, म्हणून डॉक्टरांनी पाणी तोडलं होतं; घोट नाही, फक्त ओठ ओले करायचे. आईला ते समजत होतं आणि समजत नव्हतं. सकाळी ती म्हणायची, "नाही ना द्यायचं? बरं." दुपारी म्हणायची, "एवढंसं दे गं. कुणाला कळतंय?" आणि संध्याकाळी काहीच म्हणायची नाही, नुसती कोपऱ्यातल्या तांब्याकडे बघायची, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं. ती वाटीत कापूस भिजवायची, पिळायची आणि आईच्या ओठांवरून फिरवायची. ओठ त्या कापसाला धरून ठेवू बघायचे. लहान मूल धरतं तसे. तिनं तो दर वेळी सोडवून घेतला होता. बाबा पलीकडच्या स्टुलावर बसलेले असत, गुडघ्यांवर हात ठेवून, दुकानात गिऱ्हाईक नसताना बसत तसे. डॉक्टरांचं बरोबर होतं. ते तिला तेव्हाही पटलं होतं आणि आताही पटत होतं. पण रस्त्यात सळई कानाला लावून उभी असताना कधी कधी खालच्या त्या अखंड सुसकाऱ्यात तिला वाटायचं, इतकं पाणी. शहराखाली इतकं पाणी मातीत मुरून चाललंय, आणि आईला एक घोट नाही.

चहाचा चमचा होता. पहिल्या दिवशी अर्धाच. खडीवर पाणी पडलं, क्षणभर चमकलं आणि नाहीसं झालं. तिला खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. इतकुशानं काय होतंय, असं ती झाडाला म्हणाली की स्वतःला, हे तिलाही सांगता आलं नसतं. सुरकुत्या खरोखर कमी झाल्या. पानं तुकतुकीत दिसायला लागली, गाल भरले, आणि काही दिवस ती ऑफिसात उगाच खुशीत होती; मुकादमानं विचारलंसुद्धा, "मॅडम, काही शुभवर्तमान?" बाबांना मात्र तिनं फोनवर सांगितलं, "सुकतंय. ठरल्यासारखं." आणि मग ती सकाळ आली, एक बूट पायात, एक हातात, आणि अंगठा आत गेला.

त्या संध्याकाळी तिनं ते उकरून काढलं. मुळं ओल्या दोऱ्यासारखी हातात आली. आत नवी जोडी होती. वाटाण्याएवढी, हिरवी, आणि तीही मऊ. सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून टाकून दिलं. खडी धुऊन, वाळवून पुन्हा कुंडीत भरली आणि कुंडी खिडकीत होती तिथं ठेवली. का ठेवली? जागा रिकामी दिसू नये म्हणून. रविवारी फोन वाजला.

"कसं आहे?"

सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. शब्दही जुळवले होते. पण बाबांच्या आवाजामागे दादाकडच्या दूरदर्शनचा गलका होता, वहिनी कुणाला तरी हळू बोला म्हणत होती, आणि बाबा फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेले, दार लोटल्याचा आवाज आला. या फोनसाठी ते दार लोटतात हे तिला पहिल्यांदाच कळलं.

"आहे," ती म्हणाली. "जुनी पानं आता कागदासारखी झालीत."

एकदा सुरुवात झाल्यावर ते सोपं झालं. वाचनालयातून तिनं अशा झाडांवरचं पुस्तक आणलं आणि त्यात लिहिल्याप्रमाणे धोंडोपंतांना वाढवायला घेतलं. जुनी पानं गळली, नवी जोडी वर आली, रंग आधीपेक्षा उजळ. उन्हाळ्यात ते झोपले. उन्हाळा सरताना बाजूला बारीक सुरकुती दिसली तेव्हा बाबांच्या परवानगीनं तिनं त्यांना कुंडीभर पाणी दिलं. बाबा विचारायचे आणि ती सांगायची, आणि सांगताना कुंडीकडे बघायची. एकदा तर ऊन सगळीकडून लागावं म्हणून कुंडी फिरवताना तिनं स्वतःलाच पकडलं. फोन ठेवल्यावर घर फार स्वच्छ, फार कोरडं वाटायचं. तरी रविवार जवळ आला की तिला बरं वाटायचं. खोटं बोलायला माणूस एवढं आतुर असतं, हे तिला नवीन होतं.

"मी येतोय," बाबा एका रविवारी म्हणाले. "दादा कामासाठी तिकडे येतोय, गाडीत जागा आहे. फूल यायचे दिवस आहेत. बघून जाईन म्हणतो."

ती शहरातल्या सगळ्या रोपवाटिका फिरली. शेवटची जी होती तिथल्या बाईनं खरोखरच तसलं एक झाड पुढे ठेवलं: दोन पानं, चीर, करडा रंग. नक्षी वेगळी होती, पण कितीशी वेगळी? सत्तरीपलीकडच्या डोळ्यांना कळण्याइतकी? आणि मग तिला आठवलं ते डोळे कुणाचे आहेत. "घेताय ना?" बाईनं विचारलं. "घरी आधीचं आहे का असलं?" "होतं," ती म्हणाली. तो शब्द तिनं पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला. बाईनं झाड परत ओळीत ठेवलं. "मग थांबा थोडं," ती म्हणाली, "घाईनं आणलेलं जगत नाही. मनात आधीचंच असतं ना."

दादानं बाबांना दुपारी दारात सोडलं आणि तो आपल्या कामाला गेला. बाबा वाळले होते. शर्टाची कॉलर मानेपासून सुटून उभी होती. ते पाणी प्यायले, त्यांनी चप्पल एका रेषेत ठेवली आणि काही न विचारता सरळ खिडकीशी गेले. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. कुंडीतल्या खडीवर ऊन पडलं होतं. बाबा वाकले, बघितलं, मग एक बोट खडीवरून फिरवलं, सावकाश, जसं कुणी झोपलेल्याच्या कपाळावरून फिरवावं.

"बाबा," ती म्हणाली, "मी तुम्हाला सांगणार होते."

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"नाही म्हणून." ते खुर्चीवर बसले. "तू म्हणालीस, जुनी पानं वेळेवर सुकली, वेळेवर गळली. नवी जोडी सरळ आली. माझ्याकडे होतं तेव्हा ते एकदाही वेळेवर वागलं नाही. एक वर्ष फुललंच नाही, एक वर्ष वाकडं आलं. इतकं शहाणं नव्हतं ते."

ती समोर बसली. इतके रविवार. दार लोटून, दुसऱ्या खोलीत जाऊन. "मग तुम्ही विचारत का होतात?"

बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, की प्रश्नच त्यांना समजला नसावा. "मग दुसरं काय विचारणार होतो?"

बाहेर कुठंतरी पाण्याची टाकी भरून वाहत होती. तिच्या कानांनी ते आपोआप टिपलं. ती टेबलावरच्या रेघांकडे बघत बोलायला लागली आणि बोलत गेली. पाणी घालायचं नव्हतं हे मला माहीत होतं, बाबा. तुम्ही सांगितलं होतं. पण ते रोज आकसत चाललं होतं आणि मी नुसतं उभं राहून बघायचं. मला ते जमेना. एकदा केलं होतं तसं, ते पुरे होतं. आईनं एवढासा घोट मागितला होता, आणि मी कापूसही तिच्या ओठांतून ओढून घेतला. ती तहानलेली गेली, बाबा. दुसरं काही मला आठवतच नाही तिचं. आधी टोपी आठवायची, हसणं आठवायचं. आता फक्त ती तांब्याकडे बघते आहे.

बाबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसला. शर्टानं काच पुसणाऱ्या गिऱ्हाइकांवर हा माणूस आयुष्यभर चिडत आला होता. चष्म्याविना त्यांचा चेहरा उघडा, थोडा अनोळखी दिसत होता.

"शेवटच्या आठवड्यात," ते म्हणाले, "तुला खाली औषधं आणायला पाठवलं होतं. दुकानात गर्दी होती म्हणून तुला उशीर झाला."

"हो."

"तेव्हा मी दिलं तिला."

"काय दिलं?"

"पाणी. तांब्यातलं. उशीखाली हात घालून बसवलं आणि पेला लावला तोंडाला. चमच्यानं नाही, पेल्यानं. तिला पेल्यानं प्यायचं होतं."

तिनं मान वर केली. तिला ती खोली दिसत होती, ते स्टूल, तो तांब्या, आणि आपण औषधांच्या रांगेत एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभ्या आहोत; आणि वर, त्याच वेळी, हे. "डॉक्टरांनी सांगितलं होतं..."

"डॉक्टरांचं बरोबर होतं," बाबा म्हणाले. "मला ते कळत होतं. चुकून नाही दिलं." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला, काड्या कानांमागे नीट बसवल्या. "तुला सांगितलं नाही. तू तो कापूस घेऊन इतकी मन लावून बसायचीस. म्हटलं, हिला का मोडायचं."

टाकी वाहायची थांबली. कुणीतरी नळ बंद केला असावा. तिनं विचारलं तेव्हा तिचा आवाज तिला स्वतःलाच लहान वाटला.

"काय म्हणाली ती?"

बाबांनी विचार केला. हे खरं की ते, असं दोनदा पारखून घेतल्यासारखे थांबले.

"आणखी, म्हणाली."

"मग?"

"मग आणखी दिलं."